वडगावकर हजर नाही

सरांनी माझं आडनाव खोडलं तेव्हा मी हसले. हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको, हिनं स्वतःचं झाकलं आणि गेलेल्या माणसाचं उघडं पाडलं.

घाटकोपरच्या आमच्या शाळेचं मैदान. गिरण्यांचा संप चालू होता ते वर्ष. मी नववीत. खो-खोचा सराव संपला होता. आम्ही बारा जणी खांबापाशी बसलो होतो, गुडघ्यांना माती, अंगाला घाम. सर मध्ये स्टुलावर. मांडीवर कॅरमबोर्ड, त्यावर उपनगरच्या संघाच्या निवडीचे फॉर्म. फॉर्म सर स्वतःच्या हातानं भरायचे, आमच्या अक्षरावर त्यांचा भरवसा नव्हता. माझं नाव लिहिलं. बापाचं लिहिलं. आडनाव लिहिलं, कांबळे. आणि थांबले. पेनाची टोपी दातात धरून माझ्याकडे बघत बसले.

"हे आडनाव घेऊन कुठवर जाशील गं तू?"

मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसले.

"गाव कुठलं तुमचं?"

"वडगाव, सर. साताऱ्याकडचं."

"मग झालं की! वडगावकर. कसं भारदस्त वाटतं बघ." सरांनी कांबळेवर रेघ मारली. एक नाही, दोन. मग तो फॉर्म चुरगाळून खिशात टाकला आणि नवा घेतला. "टाळ्या वाजवा गं. बारसं झालं हिचं."

पोरींनी टाळ्या वाजवल्या. माझी जिवाभावाची मैत्रीण संध्या, तिनं माझ्या पाठीत धपाटा घालून विचारलं, "पेढे कुठायत?" आणि मी हसले. बरं वाटलं मला. वाटलं, सर आपल्यासाठी किती करतात.

करायचेच ते. कुणी सर वाईट होते असं म्हणालं तर मी त्याच्याशी भांडेन. असलफ्याच्या टेकडीवर, आमच्या वस्तीत, शाळेतला दुसरा एक मास्तर कधी चढला नव्हता. सर चढले. घरोघर गेले. "पोरीला हाफपँट घालू द्या, माझ्या जबाबदारीवर," असं एकेका बापाला सांगत फिरले. आमच्या घरात पत्र्याच्या पेटीवर बसून चहा प्यायले, बशीत ओतून, अगदी शेवटच्या घोटापर्यंत. माझी आई दारामागून बघत होती. महिनाभर ती शेजारणींना तेच सांगत होती. मला खांबावर सूर मारायला त्यांनीच शिकवलं. कोपरं सोलून निघायची तेव्हा स्वतः टिंचर लावायचे, आणि मी ओरडले की म्हणायचे, "ओरड, ओरड. मॅचमध्ये ओरडलीस तर मात्र बघ." लग्न केलं नाही त्यांनी. सगळा जन्म त्या मैदानावर घातला. त्यांच्या हाताखालच्या कितीतरी पोरी खेळाच्या जोरावर नोकरीला लागल्या. अशा माणसाबद्दल तक्रार करायची म्हणजे माझीच जीभ जड होते.

पण आदल्या वर्षी काय झालं होतं, ते मला नंतर कळलं. आमच्याच वस्तीतली एक मुलगी, माझ्याहून चपळ, निवडीतून गळली होती. तेव्हा समितीतल्या एकानं सरांना विचारलं होतं, "तुमच्या शाळेत दुसऱ्या मुली नाहीत का हो?" सर त्या माणसाशी भांडले नाहीत. त्यांनी माझं आडनाव बदललं.

माझी निवड झाली. पेपरात कोपऱ्यात दोन ओळी आल्या. निवडीच्या सामन्यात वडगावकरने चार गडी बाद केले, असं काहीतरी. माझा बाप मरोळला एका कारखान्यात वॉचमन. त्यानं पेपर विकत घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि संध्याकाळी विहारात घेऊन गेला. चार माणसांत उलगडला. बोट ठेवलं. म्हणाला, "माझी पोरगी."

लोकांनी वाचलं. मग एकानं विचारलं, "यात तुझी पोर कुठाय?"

बाप बोट ठेवून तसाच उभा. मी त्याच्या बाजूलाच होते. मीच सांगितलं, सरांनी फॉर्मवर तसं लिहिलंय, निवडीसाठी. एका म्हाताऱ्यानं पेपरची घडी घालून बापाच्या हातात दिली.

घरी आल्यावर बाप माझ्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "ज्या गावानं माज्या आईला वरनं पाणी वतलं, ओंजळीत, लांबनं, त्या गावाचं नाव लावून पळतीस व्हय गं? आमी त्या गावात नव्हतो. आमी भाईर होतो, वेशीच्या."

तोंडात मारल्यासारखं झालं मला. वडगावकर म्हणजे वडगावचा. आणि वडगावानं तर आम्हाला कधी आपलं म्हटलंच नव्हतं. हे सरांना ठाऊक नसेल, मान्य. पण मला कसं नाही सुचलं? मी टाळ्या घेत बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले, म्हणाले, "सर, नाव बदलून द्या ना परत." सर मैदान आखायला फक्की मारत होते. वर न बघताच बोलले, "आधी खेळ. नाव काय, नंतर बघू." मी खेळले. हा दोषही माझाच. खेळायचं होतं मला, मरणाचं खेळायचं होतं.

मग अंधेरीला शिबिर लागलं, आठ दिवसांचं. एका शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून आम्ही सगळ्या राहायचो. बोरिवलीच्या, मुलुंडच्या, पार्ल्याच्या मुली. मुलुंडची मेधा माझ्या बाजूला झोपायची. चांगली होती, खरंच चांगली. सातव्या दिवशी दुपारी माझ्या पोटरीत गोळा आला. मेधानं माझं पाऊल आपल्या मांडीवर घेतलं आणि तेल लावून चोळायला लागली. चोळता चोळता घरचं बोलत होती. तिच्या भावाची इंजिनिअरिंगची ॲडमिशन हुकली होती.

"कुणी कांबळे घुसला गं दादाच्या जागी. सरकारचे जावई ना ते. आपल्यासारख्यांनी काय करायचं?"

आपल्यासारख्यांनी. माझं पाऊल तिच्या मांडीवर. तिचा अंगठा माझ्या पोटरीत.

आणि मी म्हणाले, "हो ना."

दोन शब्द. माझ्या तोंडून निघाले. कुणी धाक घातला नव्हता, कुणी मारलं नव्हतं. मेधाला तरी कसं माहीत असणार? मीच माझ्या बापाला, माझ्या आज्जीला, माझ्या सगळ्या वस्तीला घुसलेले म्हणून मोकळी झाले. पाऊल ओढून घेतलं आणि मोरीत जाऊन ओकले. मेधा बिचारी पाण्याचा तांब्या घेऊन मागं आली. तिच्या हातचं पाणी प्यायले तेव्हा स्वतःची एवढी लाज वाटली, की सांगता येत नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी टी-शर्ट वाटायचे होते. पाठीवर नंबर असलेले. शिबिराच्या मुख्य बाई एकेक नाव वाचायच्या, मुलगी उठायची, टी-शर्ट घ्यायची, सगळे टाळ्या वाजवायचे. सर मुद्दाम घाटकोपरहून आले होते. इस्त्रीचा शर्ट घालून, भिंतीला टेकून उभे. माझ्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणाले, ताठ बस.

"वडगावकर."

मी उठले नाही.

"वडगावकर? आहे का?"

मेधानं मला कोपर मारलं. "अगं, तुला."

बाईंनी तिसऱ्यांदा वाचलं. सर म्हणाले, "अगं, ऊठ की!"

मी बसल्या जागेवरून बोलले. "बाई, ते माझं नाव नाही. माझं आडनाव कांबळे. कांबळे लिहा, मी उठते."

बाईंनी यादी पाहिली, मग सरांकडे पाहिलं. "सर, फॉर्मवर तुमची सही आहे. काय भानगड आहे ही?"

एक वाक्य पुरलं असतं. हो, मी लिहिलं, चुकलं, दुरुस्त करा. एवढंच. मी सरांकडे बघत होते. माझी खात्री होती. ज्या माणसानं आमच्या घरात बशीतला चहा संपवला तो एवढं बोलेलच.

सर म्हणाले, "मुलगी घाबरलीय. काहीतरी गैरसमज झालाय तिचा. वडगावकरच आहे ती."

मेधा माझ्यापासून सरकली. वीतभर असेल. ती वीत मला दिसली.

माझा टी-शर्ट राखीव खेळाडूला गेला. कारण लिहिलं, बेशिस्त. सर मला घेऊन फाटकापर्यंत आले. म्हणाले, "माझी नोकरी गेली असती, कळतं का तुला? खोटा फॉर्म भरला म्हणून सगळ्या शाळेवर बंदी आली असती. तुझ्यासाठी केलं मी हे सगळं, आणि तू मला मान खाली घालायला लावलंस."

मी म्हणाले, "सर, आधी तुम्ही मला लावलंत."

त्यांच्याशी बोललेलं माझं हे शेवटचं वाक्य. पुढं दहावी होईपर्यंत त्यांनी मला संघात घेतलं नाही. मैदानावरून जाताना मी दिसले की शिट्टी तोंडात घालून दुसरीकडे बघायचे. माझ्या घरी नंतर कधी आले नाहीत. दहावीनंतर मी मरोळला औषधांच्या गोळ्या भरायच्या कामाला लागले. संध्या खेळाच्या जोरावर बँकेत लागली. मला तिचा हेवा वाटला नाही असं म्हणणार नाही.

सर सत्त्याऐंशीत गेले. मैदानावरच, छातीत कळ येऊन. शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. बाहेर रस्त्यापर्यंत माणसं उभी. मोठमोठ्या हुद्द्यावरच्या बायका पदर तोंडाला लावून रडत होत्या. मीही रडले. ढसाढसा रडले. मला पळायला शिकवणारा माणूस गेला होता, रडू नको तर काय करू? शाळेचे सेक्रेटरी सरांच्या हातची, निवड झालेल्या खेळाडूंची यादी वाचत होते. एकेकीनं पुढं यायचं, फुलं वाहायची, दोन शब्द बोलायचे.

"कुमारी वडगावकर."

या वेळी मी उठले. माईकपाशी गेले. म्हणाले, "वडगावकर हजर नाही. ती कधी नव्हतीच. मी कांबळे. सरांनी मला खेळ दिला, तो माझ्या अंगात आहे. त्यांनी माझं आडनाव काढून घेतलं, तेही इथंच सांगते. मेल्यावर माणसाचं चांगलं तेवढंच बोलतात. मला दोन्ही बोलायचंय." पुढं बोलू दिलं नाही. सेक्रेटरींनी माईक खाली केला. मागून कुणीतरी ओरडलं, "उपकाराची जाण नाही!" मी फुलं वाहिली, नमस्कार केला आणि खाली उतरले.

बाहेर संध्यानं मला गाठलं. डोळे सुजलेले तिचे. "सर गेले गं. आज तरी नको होतं बोलायला."

"मग कधी बोलू? ते होते तेव्हा मी बोलले, तर बेशिस्त. गेल्यावर बोलले, तर कृतघ्न. तूच दिवस सांग, मी येते."

तिनंही तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या, हे दोघींनाही आठवत होतं.

आता मी रविवारी वस्तीतल्या पोरींना खो-खो शिकवते. टेकडीच्या पायथ्याशी जागा आहे, दगड वेचून साफ केलीय. सूर मारायला शिकवताना सरांचेच शब्द माझ्या तोंडात येतात, मी ते अडवत नाही. शाळेनं सरांच्या नावानं स्पर्धा सुरू केलीय, आणि हॉलमध्ये त्यांच्या खेळाडूंचा बोर्ड लावलाय. बोर्डावर मी वडगावकर आहे. बदला म्हणून अर्ज दिला, तर शाळावाले म्हणाले, सरांच्या हातची यादी आहे, तिला हात लावणार नाही. यंदा सेक्रेटरींनी मला ऑफिसात बोलावलं. खुर्ची दिली, चहा सांगितला. "तुमच्या पोरींचा संघ स्पर्धेत घेतो. चांगल्या मैदानावर खेळतील, निवड समितीच्या नजरेत येतील. तुम्ही तेवढं नावाचं सोडा. बोर्डाखाली येऊन सरांबद्दल चार शब्द बोला."

चांगलं मैदान. बूट. निवड. मला माहीत आहे याची भूक काय असते. माझ्या पोरींनाही आहे.

मी नाही म्हणाले. चहा आला होता, तसाच ठेवला.

पोरींना गोळा करून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, "हो ना" म्हणाले होते तेही. दोघी-तिघी रडायला लागल्या. जी सगळ्यात चपळ आहे ती माझ्यावर चिडली. म्हणाली, "ताई, एका नावासाठी आमचं नुकसान?"

मी म्हणाले, "हो. एका नावासाठी."

ती दोन रविवार आली नाही. तिसऱ्या रविवारी आली, माझ्याशी न बोलता पळायला लागली. पळू दे. राग राहू दे तिचा. पुढच्या वर्षी ते परत विचारतील, गोड बोलून विचारतील. पुढच्या वर्षीही माझं उत्तर नाही हेच आहे.