तळघरात ऐकू आलेली परात

आधी माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं वाचून मला कुठल्या खणात टाकायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. माझी सगळी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात, क्वालिटी कंट्रोलमध्ये गेली. जे मोजता येत नाही ते माझ्या लेखी नव्हतंच. आमच्या सोसायटीत कुणी दृष्ट काढून नारळ चौकात ठेवला, तर ‘खोबरं वाया घालवू नका’ म्हणून सांगणारा मी माणूस. भुतंखेतं, संकेत, पूर्वसूचना... असले विषय निघाले की मी पेपर उघडून बसायचो. आज मीच इथे लिहितोय, ह्याचं मला स्वतःलाच अजून थोडं अवघडल्यासारखं होतं.

रिटायर झालो आणि महिनाभर घरात बसलो. एक दिवस बायको म्हणाली, “अहो, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये किती अंतर असावं हे मला शिकवू नका. बाहेर काहीतरी बघा.”

म्हणून मी सदाशिव पेठेतल्या एका इतिहास मंडळात जायला लागलो. नाव मुद्दाम देत नाही, पण पेठेत राहणाऱ्यांना कळेलच. मंडळ लहान. रविवारी सकाळी लोकांना जुने हौद, देवळं, गल्ल्यांची नावं दाखवत फिरवायचं, शाळांमध्ये जाऊन बोलायचं, आणि एक छोटंसं वस्तुसंग्रहालय चालवायचं. सुरुवातीला ते एका काचेच्या कपाटात मावत होतं म्हणे. पण पेठांमधली जुनी घरं पाडून नव्या इमारती उभ्या राहायला लागल्या आणि आमच्याकडे वस्तूंचा ओघ सुरू झाला. नव्या फ्लॅटमध्ये जागा नाही, भंगारात द्यायला जीव होत नाही... मग रिक्षातून पोतं आमच्या दारात. पाणी तापवायचे बंब, खलबत्ते, सायकलचे रॉकेलचे कंदील, टांगेवाल्यांचे पितळी बिल्ले, बंद पडलेल्या दुकानांच्या पाट्या.

मंडळाच्या सेक्रेटरी वसुधाताई. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेला, त्यामुळे समोरचा माणूस चुकीच्या दिशेला बोट दाखवणार हे गृहीत धरूनच बोलतात. दारावरची पाटी त्यांचीच — ‘दिलेली वस्तू परत मागू नये. आम्हीही परत न्या म्हणणार नाही.’

इमारत जुनी, दगडी जोत्याची. चार पायऱ्या चढून गेलं की संग्रहालयाची खोली आणि बाहेर छोटा व्हरांडा. खोलीखाली तळघर. वर मावेना ते सामान आम्ही तळघरात ठेवायचो. शेजारचा प्लॉट नव्या इमारतीसाठी खणलेला होता, आणि त्या खड्ड्यात आणि आमच्या तळघरात फक्त एक भिंत होती. हे आत्ता लिहिताना अंगावर काटा येतो. तेव्हा मात्र आम्हाला फक्त धुळीचा त्रास जाणवायचा.

ती शनिवारची दुपार होती. दोन दिवस पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. तळघरात ओल यायला लागली होती, म्हणून मी, वसुधाताई आणि रेणुका असे तिघं खाली सामान आवरत होतो. रेणुका हिंजवडीला आयटीत आहे, मूळची अकोल्याची. सुट्टीच्या दिवशी झोपायचं सोडून ती आमच्याकडे पितळ घासायला येते. वरच्या खोलीला वसुधाताईंनी कुलूप लावलं होतं. किल्ली त्यांच्या कमरेला.

आम्ही त्या खणलेल्या बाजूच्या भिंतीशीच होतो. समयांची एक जड पेटी रेणुका ओढत होती. आणि वरून आवाज यायला लागला.

ठण्... ठण्... ठण् ठण् ठण्!

पितळेवर लोखंड आपटल्याचा. घंटेचा नाही, थाळीचा नाही — मोठ्या, जाड भांड्याचा. आणि नुसता आवाज नव्हता. कुणीतरी घाईघाईने, जीव खाऊन बडवावं तसा.

“कोण आलंय वर?” वसुधाताई वैतागल्या. “‘हात लावू नये’ ही पाटी वाचायची सोडून भांडी वाजवतायत! मराठी येत नाही का लोकांना?”

“ताई, कुलूप आहे ना वर?” मी म्हटलं.

त्यांनी कमरेची किल्ली चाचपली. आवाज वाढतच चालला होता. आम्ही दोघं जिन्याकडे निघालो. रेणुकाने पेटी उचलायचा एकदा प्रयत्न केला, मग ती एकदम तिथेच टाकून आमच्या मागे पळत आली.

वसुधाताईंनी कुलूप काढलं. दार उघडलं आणि आवाज थांबला.

खोलीत कुणी नव्हतं. खिडक्यांना जाळ्या, बाहेर जायला दुसरा रस्ता नाही. सगळं जागच्या जागी. समोरच्या भिंतीवर, खिळ्याला, एक मोठी पितळी परात टांगलेली होती — काठ चेपलेला, मागच्या बाजूला पोचेच पोचे. काही दिवसांपूर्वीच एका पोत्यातून आलेली. मी सवयीने जवळ गेलो आणि काठाला बोट लावलं.

परात थरथरत होती. घंटेवर टोला पडून गेल्यावर हात लावला की बोटांना कशा मुंग्या येतात, तशा मुंग्या आल्या.

मी हात मागे घेतला, आणि तेवढ्यात पायाखालून आवाज झाला. स्फोट झाल्यासारखा नव्हे... एखाद्या मोठ्या जनावराने सुस्कारा टाकावा तसा. मग दगड कोसळल्याचा, मग पाण्याचा. आम्ही जिन्याच्या तोंडाशी जाऊन पाहिलं. शेजारच्या खड्ड्यात साठलेलं सगळं पाणी भिंत फोडून आत आलं होतं. आम्ही जिथे उभे होतो तिथे दगड आणि चिखल. जिन्याच्या निम्म्या पायऱ्या दिसत नव्हत्या.

रेणुका मटकन खाली बसली. वसुधाताईंनी तिचं डोकं पोटाशी धरलं.

मग रेणुकाच म्हणाली, “काका, मला ना... तिथे कोणीतरी बोललं. पेटी उचलत होते तेव्हा. ‘सामान राहू दे’ असं. मला वाटलं ताईच बोलल्या.”

“मी जिन्यात होते,” वसुधाताई म्हणाल्या. “आणि सामान राहू दे असं मी जन्मात कधी म्हटलेलं नाही.”

आम्ही तिघंही हसलो. रडायच्या ऐवजी हसलो म्हणा.

पुढचे काही दिवस मी काय केलं असेल ते ओळखा. तपास! बाजारातून तसलीच परात आणली, त्याच खिळ्याला टांगली. खोलीच्या फरशीवर जड वस्तू आपटून पाहिल्या, दार धडाधड लावून पाहिलं, रस्त्यावरून ट्रक जाईपर्यंत ताटकळत बसलो. खणलेल्या जमिनीची हालचाल आधीपासून सुरू असेल, त्या कंपनांनी परात भिंतीवर आपटली असेल — हा माझा सगळ्यात लाडका तर्क. पण भिंतीवर आपटणाऱ्या परातीचा आवाज वेगळा, बोदा येतो. आम्ही ऐकला तो तसा नव्हता. बोकाही गृहीत धरून पाहिला. बोक्याला आत यायला जागा नव्हती.

शेवटी, ही परात आली कुठून ते तरी बघू म्हणून मी फोन लावला. पोतं आणून देणाऱ्या बाई — सुनीताबाई — कोथरूडला राहतात. नारायण पेठेतलं त्यांच्या आईचं घर पाडायला गेलं, तेव्हा त्यांनी भांडी आम्हाला दिली होती. त्या दिवशी घाईत होत्या, ‘मोडीत घालवत नाहीत हो’ एवढंच बोलून गेल्या होत्या.

मी आवाजाचं काहीच सांगितलं नाही. फक्त म्हटलं, परातीला मागून इतके पोचे कसे, म्हणजे माहिती लिहायला बरं.

“ते पोचे आईने पाडलेत,” त्या म्हणाल्या. “पानशेतच्या पुरात. मी अगदी लहान होते. सकाळी बातमी आली, धरण फुटलं. लोक म्हणाले, अफवा आहे. आई कुणाशी वाद घालत बसली नाही. एका काखेत मला घेतलं, ही परात आणि लोखंडी उलथनं घेतलं, आणि गल्लीभर बडवत फिरली. वर चला, सामान राहू दे, वर चला! लोक हसले तिला. पण निघाले.”

मी कसंबसं विचारलं, “आई... केव्हा गेल्या?”

“गेल्या? अहो, आई आहे की! नव्वदी ओलांडली. हे काय, आत पडलीय.”

सांगतो, त्या क्षणापर्यंत मी मनातल्या मनात एका भुताची तयारी करत आणली होती. तीही गेली.

मग मी आवाजाचं आणि भिंत पडल्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, “शनिवारी? दुपारी जेवणं झाल्यावर?”

“हो.”

“त्या दुपारी आई झोपेतून उठली आणि पाण्याचा पितळी पेला पलंगाच्या लोखंडी कठड्यावर बडवायला लागली. मी धावत गेले. ‘वर या, सामान राहू दे’ असं ओरडत होती. मला वाटलं, आता हिचं डोकं गेलं. हातातून पेला सोडवता येईना हो! मग एकदम थांबली आणि घामाघूम होऊन पडली.”

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघंही कोथरूडला गेलो. आजी पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. बारीक चण, डोळे मात्र लख्ख. सुनीताबाईंनी आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं. त्यांच्या गल्लीत नदीच्या टोकाला एक नवं लग्न झालेलं जोडपं भाड्याने राहत होतं. आजी तिथे पोचल्या तेव्हा ती मुलगी ट्रंक भरत होती. ‘येते, पुढे व्हा’ म्हणाली. कडेवर पोर, पाणी आलेलं... आजी पुढे झाल्या. ते जोडपं पुन्हा कुणाला दिसलं नाही. वाचलं, दुसरीकडे गेलं, की — कुणालाच माहीत नाही. तेव्हापासून ताप आला, झोप मोडली, की आजी एकच विचारायच्या, आले का सगळे वर? घरचे म्हणायचे, आले. त्यावर आजी म्हणायच्या, “तुम्हाला काय माहीत?”

आम्ही पलंगाशी बसलो. आजींनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं. रेणुकाकडे जरा जास्त वेळ.

“तू ती पेटीवाली?” त्या म्हणाल्या.

पेटीचं आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं. सुनीताबाईंनाही नाही.

रेणुकाने मान हलवली.

“टाकलीस ना?”

“टाकली, आजी.”

“आणि सगळे वर आले?”

“आलो,” रेणुका म्हणाली. “हे काय, तिघंही समोर बसलोय.”

आजींनी तिचा हात धरला, पालथा केला, सुलटा केला, जसा भाजीवालीकडचा जिन्नस पारखतात तसा. मग तो स्वतःच्या गालाला लावला. “बरं झालं,” म्हणाल्या. आणि लेकीकडे वळून, “अगं, ह्यांना काहीतरी खायला दे. आणि मलाही दे. भूक लागलीय.”

सुनीताबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि पदराने तोंड झाकून हुंदके द्यायला लागल्या. आई आपणहून जेवायला मागतेय, असं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. त्या दिवशी आजींनी आमच्याबरोबर पोहे खाल्ले, वर वसुधाताईंना ‘मीठ कमी आहे, पण पाहुण्यांनी बोलू नये’ असंही सुनावलं. वसुधाताईंना आपल्या तोडीचं माणूस भेटल्याचा एवढा आनंद झालेला मी तरी पहिल्यांदा पाहिला.

आता त्याला वर्ष होऊन गेलं. सुनीताबाई सांगतात, त्या दिवसापासून ‘आले का सगळे वर’ हा प्रश्न आजींनी पुन्हा विचारलेला नाही. रात्री शांत झोपतात.

भिंत पडल्याची बातमी पेठेत पसरली आणि आम्हाला वाटलं होतं, संपलं मंडळ. झालं उलटंच. चिखलातून वस्तू काढायला अनोळखी माणसं फावडी घेऊन आली. जवळच्या एका शाळेने आपल्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या दिल्या. आणि पुराच्या आठवणीच्या वस्तू यायला लागल्या — कुणी चिखलाचा डाग पडलेला पाट आणला, कुणी दुसऱ्याच्या नावाचं, वाहत आपल्या दारात आलेलं पातेलं. त्या ट्रंकवाल्या मुलीबद्दल आम्ही येईल त्या प्रत्येकाला विचारतो. अजून पत्ता नाही. पण आता विचारणारे खूप जण झालेत.

नव्या जागेचं उद्घाटन आजींच्या हस्ते झालं. खुर्चीत बसवून वर नेलं. परातीकडे त्यांनी जेमतेम पाहिलं. त्यांचं सगळं लक्ष खिडकीतून दिसणाऱ्या शाळेच्या मैदानावर, मुलांच्या खेळावर.

मला विचाराल तर ह्यातलं मला काहीही समजलेलं नाही. कोथरूडमध्ये पेला वाजला आणि सदाशिव पेठेत परात थरथरली, हे कुठल्या नियमात बसतं ते कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा. टिंगल केलीत तरी चालेल, मीही इतकी वर्षं तेच केलंय.

परातीखालच्या माहितीच्या कार्डावर काय लिहायचं, ह्यावर मंडळात बराच वाद झाला. शेवटी वसुधाताईंनी स्वतः लिहून लावलं. आधी पुराची हकीकत, आजींचं नाव, त्यांच्या गल्लीचं नाव. आणि शेवटी एक ओळ — ‘आम्हाला समजलं तेवढं वर लिहिलं आहे. उरलेलं घडलं आहे.’