आळ्यातलं पाणी

अमरावतीच्या त्या हॉलात मी हौसेनं गेलो नव्हतो. मला माझ्या पोरानं पाठवलं. का पाठवलं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

नात बारावी झालेली. तिला नागपूरला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. तिच्या बापाचं म्हणणं, डी.एड. कर अन् मास्तरीण हो. दोन महिने बाप-लेक एका वेळी जेवायला बसत नव्हते. दिवाळीनंतर शहरातल्या आठ जणांच्या चित्रांचं एक प्रदर्शन भरायचं होतं, त्यात हिचंही एक चित्र घेतलं. तेव्हा बापानं डाव टाकला.

"आबाजीले घेऊन जाय तिथं," तो म्हणाला. "चित्र पाहून आबाजी हो म्हणले, तं मी नागपूरचा फॉर्म भरतो. नाई म्हणले, तं पुन्हा नाव नाई काढाचं."

पोरगा सरकारी कचेरीत बाबू आहे, डोकंही बाबूचंच. त्याला ठाऊक होतं की माझ्या तोंडून हो निघत नाही. त्याच्यासाठी मुलगी पाहायला गेलो होतो तेव्हा मी तिच्या घरच्या चहाला नावं ठेवून आलो होतो. चहा चांगला होता. ती मुलगी आज माझी सून आहे आणि अजून तो चहा काढते.

मी चौथी शिकलो. सगळं आयुष्य हिवरखेडच्या शिवारात संत्र्याच्या बागेत गेलं. बाग मालकाची, हात माझे. हे लिहिताना अक्षराच्या चुका होतील, त्या वाचणाऱ्यानं सुधारून घ्याव्या. संत्र्याच्या बाबतीत मात्र चूक सापडणार नाही.

तर हॉल. दारावर मोठा फ्लेक्स, त्यावर 'शरद आणि निसर्ग'. आत शिरलो तर जमिनीवर झाडू मारलेली स्वच्छ फरशी, आणि त्या फरशीकडं पाहून एक माणूस ओरडत होता. हे नातीचे सर. अकोल्याचे. शनिवार-रविवारी अमरावतीत येऊन चित्रांचा क्लास घेतात. झब्बा असा, की त्यात माझ्यासारखे दोन मावतील. त्यांनी तीन पोती वाळकी पानं आणून फरशीवर पसरली होती. लोकांनी त्यावरून कुरकुर आवाज करत चालावं आणि त्यांना शरद ऋतू वाटावा, असा बेत होता. हॉल झाडणाऱ्या बाईनं सकाळी येऊन सगळा शरद ऋतू घमेल्यात भरला आणि मागच्या कचराकुंडीत टाकला.

"तुम्हाला कळत नाही का? ती सजावट होती!" सर म्हणाले.

"मले काय माहीत, साहेब," बाई म्हणाली. "रोज लोकं म्हणते झाडलं नाई, आज झाडलं तं म्हणते कावून झाडलं."

मी म्हटलं, "बाई, तुह्यं बरोबर आहे."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. नातीनं घाईघाईनं सांगितलं, "सर, हे माझे आबाजी." सरांनी हात जोडले. गाव विचारलं, सांगितलं. मग आडनाव विचारलं. तेही सांगितलं. "अच्छा, अच्छा," म्हणाले, आणि जोडलेले हात लवकर सुटले. असे अच्छा-अच्छा मी पुष्कळ ऐकले आहेत. त्यांचं मला आता काही होत नाही, पण मोजायची सवय आहे.

मग चित्रं पाहिली. एका भिंतीवर सगळी लाल झाडं. तांबडीलाल, केशरी, पेटल्यासारखी. पानाला पाच बोटं. मी पन्नास वर्षं झाडांत काढली, असलं पान पाहिलं नव्हतं. चित्रं काढणारी बाई जवळच उभी होती, एका डॉक्टरची बायको, बोलायला गोड.

"बाई, हे झाड कोणाच्या शेताच्या धुऱ्यावरचं?"

"काका, हा मेपल आहे."

"तुमी कुठं पाह्यला?"

"मोबाइलवर. किती सुंदर असतो ना ऑटम तिकडे?"

"तिकडं असन. पन इकडं कोनं बोलावलं त्याले?"

बाई हसली. तिला वाटलं म्हातारा गंमत करतो. मी गंमत करत नव्हतो. शरदात आमच्या वऱ्हाडात पान गळत नाही, एवढं कोणाच्याही घरच्या बाईला माहीत आहे. त्या दिवसांत कापसाची पहिली वेचणी असते. तूर पिवळ्या फुलानं भरते. ज्वारीची कणसं भरतात. पान गळायला माघ-फाल्गुन लागतो. आठ जणांपैकी सहा जणांनी दिवाळीच्या तोंडावर जंगल नागडं करून टाकलं होतं. सातव्यानं बर्फ काढला होता. चांदूर रेल्वेचा होता तो. चांदूर रेल्वेत कोणाच्या छपरावर बर्फ पडला ते त्यालाच विचारावं.

आठवं चित्र नातीचं. कोपऱ्यात, पण उजेड बरा होता.

ते झाड मी लांबूनच ओळखलं. मागच्या हिवाळ्यात नात्यातल्या एका लग्नाला आम्ही हिवरखेडला गेलो होतो, तेव्हा ही पोरगी मंडप सोडून दुपारभर बागेत जाऊन बसली होती. विहिरीकडच्या ओळीतलं ते झाड. मी स्वतः कलम आणून लावलेलं. पानं द्रोणासारखी आत वळलेली. हिरव्यातला तजेला गेलेला, राखेचा हात फिरवल्यासारखा. शेंड्याकडं पिवळेपणा. खाली गळलेली दहा-बारा पानं, अजून पुरती न वाळलेली. बुंध्याला कमरेपर्यंत मोरचूद-चुन्याचा लेप, तोही एका बाजूनं ओघळलेला, कारण लेप देणारा गडी घाईचा होता. मी चष्मा काढला, धोतरानं पुसला, परत लावला.

आणि मग खाली पाहिलं. झाडाच्या आळ्यात पाणी. काठोकाठ भरलेलं, चकचकीत, त्यात फांदीची सावली आणि वर एक ढग. खाली कागदावर नाव छापलेलं, 'प्रतिबिंब'.

सर चार पाहुण्यांना घेऊन आले. समजावून सांगू लागले, "हे बघा, वार्धक्य आणि मृत्यू. गळणारी पानं, आणि पाण्यात स्वतःचा शेवट पाहणारं झाड."

मी म्हटलं, "मरून नाई राहिलं ते झाड. त्याले ताण देला आहे."

"म्हणजे?"

म्हणजे काय ते इथंही सांगतो. संत्र्याला बहार हवा तर आधी त्याचं पाणी तोडावं लागतं. महिना, भारी जमीन असली तर दीड महिना, एक थेंब द्यायचा नाही. झाड तहानेनं मान टाकतं. पानं वळतात, पिवळी होतात, गळतात. नवख्याचा जीव कासावीस होतो, त्याला वाटतं झाड गेलं. ते गेलेलं नसतं. ते आतल्या आत फुलाची तयारी करत असतं. मग खोदणी करायची, खत घालायचं आणि हलकंसं पहिलं पाणी द्यायचं. तीन आठवड्यांत झाडावर पान दिसत नाही एवढं फूल, आणि वास गाडीरस्त्यापर्यंत. चार दिवस आधी पाणी दिलं तर नुसता पाला फुटतो. चार दिवस उशीर झाला तर फांद्या वाळतात. तो दिवस ओळखणारा आमच्या शिवारात मी होतो. एकदा ताण चालू असताना मालकाच्या जावयानं हौसेनं मोटर चालू केली. मी मालकासमोर त्या जावयाला असा बोललो, की तो पुढची दोन वर्षं बागेत आला नाही.

एवढं सगळं मी तिथं सांगितलं नाही. दोन वाक्यांत सांगितलं आणि म्हटलं, "ताणात आळ्यात पानी नसते. हे चित्र झूठ आहे."

"आजोबा, कलेत एवढं शब्दशः घ्यायचं नसतं," सर म्हणाले. "चित्र फार कोरडं वाटत होतं, म्हणून मीच तिला पाणी सुचवलं."

"कोरडंच पाह्यजे होतं."

पाहुणे हसले. नात फरशीकडं पाहत होती. मी तिला विचारलं, "तू पाह्यलं होतं का पानी?"

"नाही."

"मंग काढलं कावून?"

"सर म्हणाले."

"सर उद्या म्हणतीन याले केळीचा घड लाव. लावशीन?"

ती दाराकडं वळली. मीही. घरी आलो. पोरगा वाट पाहतच बसला होता, त्यानं टीव्ही बंद केला. एवढं महत्त्व त्यानं मला कधी दिलं नव्हतं.

"मंग बाबा? काय म्हनता?"

"नाई."

"पाह्यलं?" तो लेकीला म्हणाला. चेहरा असा खुलला, जशी बढतीच्या कागदावर सही झाली. सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "मामाजी, एकदा तरी पोरीच्या तोंडाकडं पाह्याचं." मी पाहिलं. पोरगी रडत नव्हती. रागावली होती, आणि रागावलेलं तोंड आमच्याच घराण्याचं.

"आबाजी," ती म्हणाली, "महिनाभर आधी मी कागद घेऊन तुमच्याजवळ आली होती. तेव्हा तुम्ही पाहिलं असतं, तं आळ्यात पाणी आलंच नसतं."

खरं होतं. ती आली होती. मी म्हटलं होतं, कागदावरचं झाड ना पाणी मागत ना खत, त्याला काय पाहाचं? मी चुकलो असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. मी पानाचा डबा काढला, पान लावलं, खाल्लं आणि विषय तिथंच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठालाच ती रंगांची पिशवी घेऊन निघाली. प्रदर्शन अकराला उघडायचं. मीही चपला घातल्या. ऑटोत ती एका कडेला, मी दुसऱ्या. झाडणाऱ्या बाईनं दार उघडून दिलं. पोरीनं चित्र भिंतीवरून उतरवलं, जुन्या पेपरवर ठेवलं, खाली बसली आणि पाण्यावर माती चढवू लागली. ढग गेला. फांदीची सावली गेली. मी खुर्ची ओढून बसलो.

मान वर न करता तिनं विचारलं, "ताणात माती कशी दिसते?"

"काळी माती भेगाळते. आळ्याच्या काठाकाठानं. बुंध्यापाशी बारीक, कडेले मोठी."

"रंग?"

"वरून राखट. भेगीच्या आत काळा. तिथं ओल असते अजून, बोट घातलं तं थंड लागते. त्याच्यावर झाड दम धरून असते."

तिनं भेगा काढल्या. चार पुसल्या, पुन्हा काढल्या. मी एकदाही छान म्हटलं नाही. मी बागेत कोणाला छान म्हटलं नाही तर हिला काय म्हणणार?

दहाला सर आले. चित्र पाहिलं आणि एकदम ओरडले.

"हे काय केलंस? उद्घाटन झालेलं चित्र आहे हे! पुस्तिकेत 'प्रतिबिंब' म्हणून छापलंय. आता यात प्रतिबिंब कुठे आहे?"

"नाही, सर. तिथं नव्हतंच."

"एक तास आहे तुझ्याजवळ. पाणी परत कर, नाहीतर भिंतीवरून काढ. काढलंस तर सहभागाचं प्रमाणपत्र मिळणार नाही, आणि माझ्या क्लासलाही येऊ नकोस."

त्या प्रमाणपत्रासाठी पोरगी चार महिने खपली होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. नागपूरच्या फॉर्मबरोबर ते जोडायचं होतं. तिनं ब्रश धुतला, फडक्याला पुसला, पिशवीत ठेवला.

"काढते, सर," ती म्हणाली.

सर माझ्याकडं वळले. "आजोबा, तुम्ही मुलीचं नुकसान करताय."

मी म्हटलं, "तुमी तिले इचारा. ती माह्यं ऐकून करते, असं घरात तं कोनी म्हनत नाई."

डॉक्टरच्या बायकोनं विचारलं, थोडं थांबता नाही का येणार, मुख्य पाहुणे येणार आहेत. तिची लाल झाडं मागं तशीच पेटलेली होती. आम्ही निघालो. रंग ओला, म्हणून चित्र गुंडाळता येईना. ऑटोत पोरीनं ते दोन्ही हातांनी बाहेर तोंड करून धरलं. सिग्नलवर संत्र्यांचा एक हातगाडीवाला थांबला होता. त्यानं चित्राकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "काका," म्हणाला, "आंब्या बहाराले धरला काय?" हिवाळ्यात ताण देऊन वसंतात फूल घेतात, तो आंब्या बहार; मी मान डोलावली. पाहुण्यांना सांगूनही समजलं नव्हतं ते.

पोरगी म्हणाली, "तुम्ही हो म्हणा का नाई म्हणा, मी फॉर्म भरणार आहे. मी अठरा वर्षांची झाली."

"पैसे?"

"शिकवण्या घेईन."

"प्रमाणपत्र?"

"नसन तं नसन."

मी बाहेर पाहत राहिलो. तिला माझं तोंड दिसू नये, एवढ्यासाठी.

रविवार होता, पोरगा घरीच. आम्हाला चित्रासकट पाहून उठला. मी चपला काढायच्या आधीच म्हटलं, "फॉर्म भर तिचा."

"काल तं नाई म्हनले!"

"काल आळ्यात पानी होतं."

"बाबा, एका आळ्यातल्या पान्यावर पोरीचं आयुष्य ठरवून राहिले का तुमी?"

"म्या कुठं ठरवलं? तूच ठरवाले लावलं. आता हो आयकून घे."

तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी कचेरीतल्या कोणाकडून तरी फॉर्मची तारीख विचारून आला आणि कागद लेकीसमोर आपटला. आपटला, पण आणला.

चित्र आता बैठकीच्या भिंतीवर आहे. येणारेजाणारे विचारतात कसं आहे, आणि मी म्हणतो, ठीक. त्यात अजून दोन चुका आहेत. एक फांदीच्या फाट्यात आहे आणि एक उन्हाच्या बाजूत. पोरीला मी त्या सांगितलेल्या नाहीत. नागपूरच्या मोठ्या कॉलेजात कोणाला दिसतात का, ते पाहतो.