बुजलेल्या तलावाची शिंगाडेबाई

शिंगाडेबाई पाण्यात असली की बोलायची आणि जमिनीवर आली की गप्प व्हायची. छातीइतक्या पाण्यात उभी राहून शिंगाड्याचे वेल उलटवताना काठावर धुणे धुणाऱ्या बायकांशी तिच्या गप्पा चालत. कुणाची म्हैस व्याली, कुणाची सून माहेरी गेली, सगळे तिला ठाऊक. मग टोपली डोक्यावर घेऊन ती आमच्या दारात यायची आणि नुसते म्हणायची, "शिंगाडे."

मी लग्न होऊन ब्रह्मपुरीला आले ती स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत. घर तलावाला लागूनच होते. विहिरीला भर उन्हाळ्यातही पाणी असे. शिंगाडेबाई ढिवरांची, तलावातल्या मासे-शिंगाड्यांवर जगणाऱ्यांतली. नवरा वारल्यावर तलावातले वेल तिनेच सांभाळले. माझ्या पहिल्या बाळंतपणात तिने न मागता उकडलेले शिंगाडे आणून दिले. मी पाट पुढे केला तर म्हणाली, "बसत नाई बाई. लुगडं ओलं हाय."

गाव वाढत होते. भातगिरण्या आल्या, मोटारी वाढल्या. त्यांना उभे राहायला जागा हवी म्हणून तलाव बुजवायचे ठरले. आमच्या घरात सगळ्यांना ते बरेच वाटले. डास तरी कमी होतील, असे सासूबाई म्हणाल्या.

तलावाची पाळ, म्हणजे काठाचा बांध, फोडून पाणी सोडले. वेल चिखलात काळे पडले. भरावाला मजूर हवे होते, आणि पहिल्याच सकाळी मुरमाची टोपली डोक्यावर घेतलेली शिंगाडेबाई मला दिसली. तिचे लुगडे कोरडे होते.

"तुमीच काऊन मुरूम टाकून राह्यल्या?" मी विचारले.

"दुसरं काम कुठी हाय, बाई?" ती म्हणाली आणि टोपली रिकामी करून परत फिरली. संध्याकाळपर्यंत ती तशीच जात-येत राहिली. त्यानंतर कुणाशी गप्पा मारताना मी तिला पाहिले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीचा तळ दिसला. पावसाळ्यात, एरवी तलावात उतरणारे शेतांकडचे पाणी गल्लीत शिरले, मग घरात. शिंगाडेबाई न बोलावता आली आणि धानाची पोती खाटेवर चढवू लागली. बाकीची मंडळी लेकराला घेऊन उंचावरच्या घरी गेली होती; घरात आम्ही दोघीच, गुडघाभर पाण्यात उभ्या.

"बोला ना काई," मी म्हणाले.

"का बोलू?" तिने विचारले, आणि पुढच्या पोत्याला हात घातला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिचा मुलगा बल्लारशाकडच्या कोळसा खाणीत लागला आणि आईला न्यायला आला. मी मोटारस्टँडवर गेले. भरावावर खडी पसरली होती. उन्हात उभे राहायला सावली नव्हती. ती गाठोडे मांडीवर घेऊन मोटारीत खिडकीशी बसली होती.

"येत जा कधी," मी म्हणाले.

"कोनाकडे येऊ?"

"माझ्याकडे."

तिने मान हलवली. हो म्हणाली की नाही, ते मला कळले नाही. मोटार गेली. पुढे तिची खबरबात आली नाही.

मला रडू येईल असे वाटले होते, ते आले नाही. घरी घागर रिकामी होती. ती कमरेवर घेतली आणि गावाबाहेरच्या विहिरीकडे निघाले. तिथे आधीच बायकांची रांग लागली होती. मी रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले.