नऊ ब्रॅकेटांचं खानदान

ब्रॅकेट म्हणजे वाकवलेला पत्रा. पंपाची मोटर धरून ठेवायची, एवढंच त्याचं आयुष्यातलं काम. पण आमच्या खराडीच्या ऑफिसात त्याचं खानदान असं फोफावलं होतं की त्यांच्यातल्या एकाचं लग्न निघालं असतं, तर घरच्या माणसांनाच मंगल कार्यालय अपुरं पडलं असतं. नेमकंच सांगायचं तर नऊ होते. कॉम्प्युटरवर त्यांची आई, म्हणजे मूळ ड्रॉइंग, एकच, आणि ही तिची लेकरं: कुणाचं भोक डावीकडे, कुणाचं उजवीकडे, कुणाचा एक पाय लांब. आईत बदल केला की तो लेकरांत उतरायचा. ज्याच्यात उतरला त्याच्या नंबरापुढचं अक्षर सरकायचं, बी चं सी व्हायचं, आणि सॉफ्टवेअर नवं ड्रॉइंग परस्पर भोसरीच्या वर्कशॉपला मेल करून मोकळं व्हायचं.

मी यवतमाळकडचा; धायरीत आम्ही एका खोलीत तिघं राहायचो. नोकरी प्रोबेशनवर होती आणि प्रोबेशन त्या शुक्रवारी संपत होतं. गावाकडे आईने गल्लीभर सांगून ठेवलं होतं की पुण्यातला एकही पंप माझी सही असल्याशिवाय पाणी ओढत नाही. तिला हे कोणी सांगितलं, ते विचारू नका.

आमची ड्रॉइंगं तपासायला एक मॅडम होत्या. जन्म पेठेतला, बोलणं कात्रीसारखं. नवं अक्षर निघालं की त्या वर्कशॉपला स्वतः फोन करायच्या आणि तिथल्या मशीनवाल्याकडून कागदावरचं अक्षर आणि भोकाचं माप मोठ्याने वाचून घ्यायच्या. मेल आपोआप जाते, वर हा फोन कशाला, म्हणून आम्ही पोरं मागे हसायचो. सगळ्यात मोठ्याने मी हसायचो.

बुधवारी मोटर बदलली म्हणून भोक चार मिलिमीटर सरकवायचं होतं. मॅडम दाताच्या डॉक्टरकडे गेलेल्या. मी आईत भोक सरकवलं. बदल कुणाकुणात उतरवायचा ते विचारणारी नऊ लेकरांची यादी स्क्रीनवर आली, नवांपुढेही बरोबरची खूण आधीच केलेली. मी ओके दाबलं, शेजारच्या मित्राने चहाचा कप खाली न ठेवता मंजुरी दिली, आणि नऊच्या नऊ ब्रॅकेटांना सी लागला.

मॅडम दुपारी आल्या, एका बाजूचा गाल सुजलेला. स्क्रीन बघून म्हणाल्या, "यातले चार जुन्या मोटरचे आहेत. ते पंप गिऱ्हाइकांकडे चालू आहेत. त्यांना हा ब्रॅकेट बसणार कसा?"

मला जो घाम फुटला, त्यावर खडकवासल्याचे दोन दरवाजे उघडावे लागले असते. मी हळूच म्हणालो, "मॅडम, आयटीत मित्र आहे. चारांचा सी उडवून टाकायला सांगू का? कुणाला कळणार नाही."

"सांगा की. मग मी तुम्हाला उडवते. तेही कुणाला कळणार नाही." मग खुर्ची ओढून बसल्या. "अहो, निघालेलं अक्षर पुसत नाहीत. त्या चारांचा डी काढायचा, भोक बी मधल्या जागी न्यायचं, आणि का ते लिहायचं. आधी भोसरीला फोन लावा. पत्रा कापला असेल तर डी काय चाटायचाय?"

अकरा वेळा लावला. मशीनच्या आवाजात कुणी उचलेना. मॅडमनी हेल्मेट घातलं आणि मला स्कूटरवर मागे बसवलं. विश्रांतवाडीच्या चौकात आम्ही इतका वेळ उभे होतो की मला तिथला मतदार म्हणून नोंदवून घ्यायला हरकत नव्हती. पुढे दिघीच्या रस्त्याला मॅडमनी जी स्कूटर काढली, तिच्यापुढे विमानतळावरून उडणारी विमानं मागे पडत होती. थोडं वाढवून सांगतोय, पण डोळे मी मिटले होते हे खरं आहे.

वर्कशॉपमध्ये बाकीची मशीनं इतकी धडधडत होती की फोनची घंटी कुणाला ऐकू येणं शक्यच नव्हतं. आमचा पत्रा मशीनवर चढवलेला होता. शेजारी मशीनवाले काका स्टुलावर बसून शेंगदाणे खात होते.

"कापलं?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई बा. कागद सकाळीच आलाय. पन बाई, तुमचा फोन कुठं आला? फोन आल्याबिगर मी बटन दाबत न्हाई, तुमाला ठावं हाय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्यांना काय झालं? पानी द्या कुनीतरी."

मी खरंच पाणी प्यायलो. ज्या फोनला मी सहा महिने हसलो होतो, त्याची वाट बघत तो माणूस सकाळपासून हातावर हात ठेवून बसला होता.

दुसऱ्या दिवशी चौघांचा डी निघाला. अहवाल मॅडमनी मलाच लिहायला लावला. मी सुरुवात केली, "सिस्टीममधील त्रुटीमुळे." त्यांनी पेन्सिलने ते खोडलं. "सिस्टीमने तुम्हाला यादी दाखवली. वाचली कुणी नाही?"

"मी," असं म्हणून मी तसंच लिहिलं. त्याखाली मॅडमनी स्वतःच्या हाताने एक ओळ घातली: मी नसताना तपासणी कोणी करायची, हे मी ठरवून ठेवलं नव्हतं; ती चूक माझी.

शुक्रवारी साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. वर न बघता म्हणाले, "नवांपैकी कोणते बदलायचे होते, कोणते नाही आणि का नाही, सांगा."

मी नऊही ब्रॅकेट म्हणून दाखवले, रामरक्षेसारखे, एका दमात. साहेब माझी नोकरी पक्की करण्याच्या कागदावर सही करता करता म्हणाले, "मॅडमनी तुमच्यासाठी चूक अंगावर घेतली. माझ्यासाठी कधी घेतली नाही."

आज मी नोकरीत आहे, आईची गल्लीतली पत शाबूत आहे, आणि याबद्दल मी दोन माणसांचा ऋणी आहे. एकाने बटण दाबलं नाही आणि एकीने पुसू दिलं नाही. एरवी मी काहीही वाढवून सांगतो, पण यात वाढवायला जागाच नाही.

साहेबांच्या खोलीतून मी थेट मॅडमच्या टेबलाशी गेलो. आभाराचं एक भाषण तयार केलं होतं, चांगलं लांबलचक. पहिलं वाक्य सुरू केलं, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"ते राहू द्या. सातव्याचं ड्रॉइंग उघडा. पायाची लांबी चुकलीये."

मी उघडलं. चुकली होती.