रंगीत पट्ट्यांचे कंडेन्सर

सिद्रामअण्णा गेल्याचं मला सात रस्ता चौकात कळलं, कॉलेजच्या शिपायाकडून. मी तशीच जाऊन तास घेतला. रडू आलं ते आठवड्यानं, प्रयोगशाळेतलं त्यांचं रिकामं स्टूल पाहून.

अण्णा आमच्या पदार्थविज्ञान विभागाचे मेकॅनिक. विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारा आमचा जुनापुराणा ऑसिलोस्कोप त्यांनीच चालता ठेवला होता. त्यातले वीज साठवणारे मेणकागदाचे कंडेन्सर एकेक करून निकामी व्हायचे. बदली कंडेन्सर निवडताना अण्णांचा हट्ट ठरलेला: व्होल्टेज मूळच्यापेक्षा कमी चालायचं नाही, आणि माप अंगावर आकड्यांत छापलेलं हवं. रंगीत पट्ट्यांनी माप दाखवणारा नवा माल ते हातात धरायचे नाहीत. मग मी विद्यार्थ्यांदेखत त्यांना ‘जुन्या मालाचे जावई’ म्हणायचे. ते नुसते हसायचे... ते हसू आठवलं की आज माझीच मला लाज वाटते.

एका वर्षी छापील माल मिळेचना. अण्णांनी नाइलाजानं पट्ट्यांचा बसवला आणि पडद्यावरचं माप चुकायला लागलं. प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर, विभागप्रमुख संतापलेले. मी मागचं झाकण काढून पाहिलं, तर दोन लाल पट्ट्यांचा हवा तिथे तपकिरी-हिरव्याचा बसवलेला. मी अण्णांना पट्ट्यांचे रंग विचारले. त्यांनी हातातली पकड टेबलावर ठेवली.

“बाई, लाल, हिरवं न् तपकिरी मला येकच दिसतंय, ल्हानपणापास्नं. सायबांस्नी कळलं तर नोकरी जाईल की.”

साहेबांना मी सांगितलं, तो कंडेन्सर मीच काढून दिला होता. बोलणी खाल्ली. तेव्हापासून नवा माल आला की प्रत्येक कंडेन्सरला दोऱ्यानं चिठ्ठी बांधून तिच्यावर माप लिहायचं, हे माझं काम झालं. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. फक्त चष्मा लागल्यावर एकदा म्हणाले, “अक्षर जरा मोटं काढा की.”

आता त्यांची नोकरी कुणी काढून घेणार नाही, म्हणून हे लिहिते आहे.

परवा त्यांची मुलगी आली. अण्णांचा जेवणाचा डबा तिनं माझ्यापुढे उघडला. आत माझ्या चिठ्ठ्या, सगळ्या वर्षांच्या, दोऱ्यांसकट.

“अण्णा म्हणायचे, बाईंचं अक्षर हाय, टाकायचं न्हाय. कशाच्या हायत या?”

तिलाही त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं, तेव्हा ती माझा हात धरून बसून राहिली.

काल नवे कंडेन्सर आले, सगळे पट्ट्यांचे. मी दोरा काढला आणि अण्णांच्या स्टुलावर बसून एकेकाला चिठ्ठी बांधली. अक्षर मोठं काढलं.