ठकीचं ताट टेबलावरच

कपड्यांच्या कारखान्यात ठकीची आई तपासणीला होती. सुटलेला टाका तिच्या टेबलावरून पुढे गेला असं कधी झालं नाही, आणि बोलण्यातही बाई कुणाची भीडभाड ठेवणारी नव्हती. नवरा ट्रकवर, आठवड्यातून दोनदा घरी. एरवी घरात ती आणि चार वर्षांची ठकी.

ठकीला सिलिअ‍ॅकचा आजार. गहू, जव पोटात गेले की आतडी आतून सोलवटायची. दोन वर्षांची होईस्तो पोर नुसती हाडांचा सापळा. त्यात भर म्हणून मक्याची अ‍ॅलर्जी. कणभर गेला तरी ओठ सुजून धाप लागायची. आणि मेला हा मका असतो तरी कुठे कुठे! बेकिंग पावडरीत, तापाच्या गोळीतसुद्धा. नातेवाईक म्हणायचे, "एवढंसं खाल्ल्यानं काय होतंय? तूच फार बाऊ करतेस." ठकीची आई म्हणायची, "मग दवाखान्यात तिच्या उशाशी तुम्ही बसा."

एक दिवस बालवाडीतून आल्यावर ठकी म्हणाली, "आई, मी चपलांजवळ जेवते."

"कुठे?"

"चपलांच्या कपाटापाशी. माझं टेबल तिथे ठेवलंय. रोज."

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती बालवाडीच्या मोठ्या बाईंसमोर उभी. बाई वाईट नव्हत्या, घाबरट होत्या. "अहो, मुलं एकमेकांच्या ताटात हात घालतात. काही झालं तर जबाबदारी कुणाची? तिला तिकडेच जेवू द्या, नाहीतर घरी ठेवा."

घरी ठेवायचं म्हणजे नोकरीवर पाणी सोडायचं.

"माझ्या पोरीला आजार आहे, तिनं गुन्हा केलेला नाही," ठकीची आई म्हणाली. "उद्याचं जेवण मी रांधते, पंचवीसच्या पंचवीस मुलांचं. तिला चालतं तेच सगळ्यांना. मग खुशाल हात घालू देत!"

"आणि नाही जमलं तर?"

"तर मीच घेऊन जाते तिला."

सकाळी नवी पातेली, नवे डाव, केकचा नवा साचा, तांदूळ, अंडी, बटाटे घेऊन ती बालवाडीच्या स्वयंपाकघरात हजर. स्वयंपाकीणबाई आधी फुगून बसल्या होत्या. पण बटाटे सोलता सोलता निवळल्या, आणि ठकीच्या आईनं कालवलेलं तांदळाच्या केकचं पीठ त्यांनी आपण होऊन साच्यात ओतून भाजायला ठेवलं. केक बाहेर आला तेव्हा त्याच्या कडेला पांढरं दिसलं.

"हे काय लावलंय?"

"चिमूटभर मैदा हो! चिकटू नये म्हणून. पिठात थोडाच घातलाय?"

अख्खा केक कचऱ्यात गेला. मोठ्या बाई धावत आल्या. "अहो, कडा कापून टाकायच्या!"

"कडा कापून भागत असतं तर मी इथे कशाला मरायला आले असते?"

स्वयंपाकीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ठकीच्या आईलाही वाईट वाटलं, पण तिनं माघार घेतली नाही. "मावशी, तुमची माया कळते मला. पण तिच्या पोटाला नाही कळत."

बाराला लांब टेबलावर पंचवीस ताटं लागली, ठकी मधोमध. शेजारच्या पोरानं तिचा बटाटा पळवला, तिनं त्याचे दोन पळवले, आणि कुणाचंच काही बिघडलं नाही.

मोठ्या बाईंना मात्र केकची चुटपुट लागली होती. त्यांनी कपाटातून महागाच्या बिस्किटांचा पुडा आणला. वर ठळक अक्षरांत 'गहू नाही'. "घे बाळ, खास तुझ्यासाठी." आई नळाखाली हात धूत होती. ओरडायला तिनं तोंड उघडलं, तोवर ठकीनं, आई दुकानात करते तसा, पुडा उलटा केला. तिला कुठे वाचता येत होतं! तिनं मागची बारीक अक्षरं बाईंपुढे धरली.

"हे वाचा. मोठ्यानं."

बाई वाचू लागल्या. तांदूळ, साखर, तेल, मका... तिथे त्या अडखळल्या.

ठकीनं पुडा त्यांच्या हातात परत दिला. "मला मका चालत नाही. उद्यापासून मी इथेच बसणार. आणि तुम्ही वाचायचं."

"बरं," मोठ्या बाई म्हणाल्या.