घमापूरचा कोरा बोळा

तुमच्या आजोबांनाही हे मी सांगितलं नाही. त्यांच्या शेवटच्या दिवसांत उशाशी बसून होते, तेव्हाही तोंडातून निघालं नाही. आजी सरकारी प्रयोगशाळेत होती, स्फोट तपासायची—एवढंच तुम्हाला ठाऊक. तिकडे परदेशात मित्रांना अभिमानाने सांगता. म्हणून लिहिते.

आपल्या शहरातल्या घमापूर वस्तीत शेगड्या दुरुस्त करणाऱ्या कैलासच्या दुकानात स्फोट झाला. एक गिऱ्हाईक जागीच गेलं; कैलास वाचला. मी पोचले तेव्हा सगळी गल्ली गप्प होती, फक्त छताचा लोंबता पत्रा करकरत होता. कैलासच्या बायकोने माझा पदर धरला—"दीदी, सिलेंडर ही फटा है. आप तो पढ़ी-लिखी हो, देख लो ना!"

मी पाहिलं. भिंती बाहेर ढकललेल्या, जमिनीत खड्डा नाही. गॅसच असावा. पण कैलास चोरून स्फोटकं ठेवतो, असं पोलिसांना कुणीतरी सांगितलं होतं. स्फोटकाचा अंश टिपायला मी कापसाचे बोळे ॲसिटोनमध्ये भिजवून भिंती पुसल्या, एकेक बोळा वेगळ्या बाटलीत बंद केला. "मॅडमजी का बैग है कि पूजाघर!" हवालदार हसला. मला ते आवडलं—खोटं कशाला बोलू?

अशा जागी एक भिजवलेला बोळा कशालाही न लावता, कोरा बोळा म्हणून, तिथेच बंद करायचा असतो. आपला कापूस, आपले हात, आपली बॅग स्वच्छ होती, याचा तोच पुरावा. तो मी—विसरले. प्रयोगशाळेत परतल्यावर लक्षात आलं. तसं कळवायचं, एवढंच तर होतं! मी नवीन कापूस काढला, भिजवला, लाखेची मोहोर लावली आणि वर लिहिलं, घमापूर. माझ्या कामात चूक? लोक काय म्हणतील?

मग भिंतीच्या बोळ्यांत स्फोटकाचा अंश निघाला.

 घमापूरला गेले त्याच्या आदल्याच दिवशी रिछाईतल्या एका जळलेल्या गोदामात मी हीच बॅग जमिनीवर टेकवली होती. तिथलं स्फोटक हेच. मग हा अंश कैलासच्या भिंतीवरचा, की माझ्या बॅगेतला? खरा कोरा बोळा असता, तर कळलं असतं. आता कधीच कळणार नव्हतं—आणि ते फक्त मला माहीत होतं.

"जेवत काहून नाहीस?" आजोबांनी विचारलं. पित्त झालंय, म्हटलं.

कोर्टात कैलासच्या वकिलाने विचारलं, कोरा बोळा जागेवरच बंद केला होता का? कैलास माझ्याकडेच बघत होता—आशेने. मी म्हटलं, हो.

तो तुरुंगात गेला.

पुष्कळ वर्षांनी कमानिया गेटपाशी कुणीतरी हात जोडून समोर उभं राहिलं. केस पांढरे, पाठ वाकलेली. आवाजावरून ओळखलं—कैलास. "आपसे कोई शिकायत नहीं, मॅडमजी. आपको जो मिला, आपने वही लिखा."

तेव्हा तरी बोलायचं होतं ना?

"हाँ भैया," मी म्हटलं, आणि येणाऱ्या रिक्षाला हात केला.